परीक्षेचं टेन्शन की लिव्हरला सूज? स्मरणशक्तीच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

परीक्षा तोंडावर आली की भूक मरते, मळमळतं, अंगात त्राण उरत नाही. हे टेन्शनमुळे होतंय असं आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हीच लक्षणं लिव्हरला सूज आल्याचीही असू शकतात. सुरुवातीला दोन्हींत फरक कळत नाही. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. थकवा आला म्हणून मुलं गोळी थांबवत नाहीत, उलट एकीच्या दोन करतात.

माझ्या भाचीला रात्री तळहात-तळपायांना खाज सुटायची. साबण बदलून झाला, मलम लावून झालं. एका सकाळी ती खिडकीपाशी वाचत बसली होती आणि त्या उजेडात तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू आहे का?" ती म्हणाली, "नाही." ती खोटं बोलत नव्हती. डब्यातल्या त्या गोळ्यांना ती औषध मानतच नव्हती. घरी येऊन तिच्या टेबलावरचे तीन डबे पाहिले. एकावर अश्वगंधा ठळक अक्षरांत होती, दुसऱ्याच्या मागच्या बारीक अक्षरांतही तीच निघाली. म्हणजे डोस आपोआप दुप्पट झाला होता.

"वनस्पतीच आहे, काय होणार?"

अश्वगंधेमुळे लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आइसलँड आणि अमेरिकेतल्या 5 रुग्णांची माहिती 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. गोळ्या सुरू केल्यावर 2 ते 12 आठवड्यांत त्यांना कावीळ आणि खाज सुरू झाली होती. बहुतेकांचे रिपोर्ट 1 ते 5 महिन्यांत पूर्ववत झाले. ज्यांचं लिव्हर आधीच आजारी आहे, त्यांना मात्र हे फार महागात पडू शकतं.

ग्रीन टीचा कप आणि ग्रीन टीचा अर्क यांतही मोठा फरक आहे. अर्कातून ईजीसीजी हा घटक दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला, तर रक्तात लिव्हरची एन्झाइम्स (ती वाढणं ही लिव्हरला इजा झाल्याची खूण) वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं. हळदीच्या अर्कात मिरीतलं पायपरिन घालतात, कारण त्याने हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन कितीतरी जास्त शोषलं जातं. जाहिरातीत हाच मोठा गुण म्हणून सांगतात, पण अशा गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्या नोंदीही आहेत. ब्राह्मी आणि गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) यांच्याबद्दल अशा तक्रारी फारशा नाहीत, हेही सांगायला हवं. अडचण अशी, की डब्यात ती बहुधा एकटी नसतात. लेबलवर "प्रोप्रायटरी ब्लेंड" लिहून एकच एकूण वजन दिलेलं असेल, तर कुठला घटक किती हे कळायला मार्ग नाही. असा डबा मी तरी कुणाला घेऊ देणार नाही.

"लिहिलंय तेवढीच घेतो"

अशी इजा बऱ्याचदा डोसावर नाही, तर त्या माणसाच्या शरीरावर अवलंबून असते. मैत्रिणीला वर्षभर काही झालं नाही, म्हणून तुम्हाला होणार नाही असं नाही. टॅक्रिन हे अल्झायमरसाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध. 1993 मध्ये ते आलं आणि घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांची लिव्हर एन्झाइम्स वाढली. त्यांचं रक्त नियमित तपासलं जायचं, म्हणून ते वेळेत कळायचं. डब्यातली गोळी मनाने घेणाऱ्या मुलाचं रक्त कोण तपासतंय?

जागरणाने डोकं दुखतं म्हणून त्यावर पॅरासिटामॉल घेतली जाते. प्रौढांसाठी तिची कमाल मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम आहे आणि सर्दीच्या गोळ्यांतही ती असते, हे हिशेबात धरा. "लिव्हर साफ करणारा" काढा वरून घेऊ नका. आधीच सुजलेल्या लिव्हरवर तो आणखी एक बोजा ठरू शकतो.

शंका आली तर

लघवी कडक चहासारखी गडद, शौच फिकट, रात्रीची खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळ्यांत पिवळेपणा. यातलं एकही दिसलं तर सगळ्या सप्लिमेंट त्याच दिवशी बंद करा. "पेपर संपेपर्यंत चालू ठेवते" म्हणू नका. डबे फेकू नका, तसेच्या तसे डॉक्टरांकडे न्या. एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज ही लिव्हरची एन्झाइम्स, काविळीत वाढणारं बिलिरुबिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर, अशा रक्ताच्या तपासण्या होतात. एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीपुढे आणि बिलिरुबिन दुपटीपुढे, असं दोन्ही एकदम दिसलं, तर औषधामुळे अशी कावीळ झालेल्या साधारण दहांतल्या एकाच्या जिवावर बेततं किंवा लिव्हर बदलावं लागतं. ग्लानी, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त, पोट फुगणं यांपैकी काही असेल तर थेट रुग्णालयात जा, सकाळची वाट पाहू नका.

बरं वाटलं म्हणून तीच गोळी "एकदा घेऊन बघू" असंही करू नका. दुसऱ्या खेपेला त्रास लवकर आणि जास्त जोरात होऊ शकतो. भाचीचे रिपोर्ट नॉर्मल यायला तीन महिने लागले. डॉक्टरांनी त्या डब्यांतल्या घटकांची नावं तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिली आहेत. आता कुठल्याही दवाखान्यात गेली, की ती आधी ते पान पुढे करते.