अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या कोंबडीच्या पिल्लांची निगा

कोंबडीच्या अंड्याला उबवणीसाठी साधारण 21 दिवस लागतात आणि कवचाला पहिले छिद्र पडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत एखादा दिवस सहज जातो. या काळात कवच सोलून पिल्लाला ‘मदत’ करण्याचा मोह आवरावा, कारण आतील पटलातल्या रक्तवाहिन्या तोवर सुकलेल्या नसल्या तर ओढाताणीत रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते. बाहेर आलेले पिल्लूही अंग कोरडे होऊन पिसे फुलेपर्यंत उबवणी यंत्रातच राहू द्यावे. जन्मापूर्वी पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस तग धरू शकते, त्यामुळे खाद्याची घाई नसते. मात्र ते लवकर मिळालेले केव्हाही चांगले.

खरी निकड असते ती उबेची. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते साधारण 3 अंशांनी उतरवावे. तापमापी जरूर ठेवावी, पण अखेरचा कौल पिल्लांचाच मानावा: ती उबेसाठी लावलेल्या दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील तर ऊब अपुरी आहे, चोच उघडी ठेवून कडेला पळत असतील तर ती जास्त आहे, आणि सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर दिव्याला हात लावू नये. पिल्लांभोवतीचे कुंपण गोल असावे. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात गर्दी करून पिल्ले गुदमरतात. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून ते फाकतात, आणि हे व्यंग वेळीच लक्षात न आल्यास कायमचे राहते.

पिल्लू आत सोडताना त्याची चोच कोमट पाण्यात हलकेच बुडवावी. भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे कोणी बुडणार नाही. खाद्य 20 ते 22 टक्के प्रथिनांचे, बारीक दळलेले द्यावे. रात्री दोन-चार पिल्ले हातात घेऊन मानेच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी चाचपावी: ती भरलेली व मऊ लागली तर पिल्ले खात आहेत, पण रिकामी लागली तर प्रथम ऊब तपासावी, कारण गारठलेले पिल्लू खाद्याकडे फिरकत नाही.

विष्ठा चिकटून गुदद्वार बंद झाले असल्यास ती ओढून काढू नये. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून पुसावी. ओले तूस रोज काढावे आणि पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्यकांकडून पहिल्याच दिवशी घ्यावे, कारण मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस जन्मानंतर 24 तासांच्या आत टोचली जाते.