विल्कानोता-उरुबाम्बा नदी नकाशावर कशी अभ्यासावी

पेरूमधील अँडीज पर्वतात वाहणाऱ्या विल्कानोता नदीचा अभ्यास प्रवाहापासून नव्हे, तर जलविभाजकापासून, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटून देणाऱ्या उंच भागापासून, सुरू करावा. इंदूरच्या वाचकाला हे सहज उमजेल, कारण महूजवळच्या जानापावाहून उत्तरेला उतरणारे चंबळेचे पाणी यमुनेमार्गे बंगालच्या उपसागरात जाते, तर त्याच डोंगराळ पट्ट्यातून दक्षिणेला वाहणारी चोरल नर्मदेला मिळून अरबी समुद्राची वाट धरते. सुमारे ४,३०० मीटर उंचीवरची ला राया खिंड अशीच पाणी वाटून देते. दक्षिणेचे पाणी तितिकाका सरोवराकडे जाते, उत्तरेचे विल्कानोतात उतरून अखेर अटलांटिक महासागराला मिळते.

ही खिंड ठळक खुणेने नोंदवून वायव्येकडे सिकुआनी, पिसाक आणि ओयांतायतांबो ही गावे क्रमाने शोधावीत. वरच्या भागात विल्कानोता आणि खाली उरुबाम्बा असे नाव बदलत असल्याने शोधताना दोन्ही नावे वापरावीत.

यापुढचे काम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. आलेख कागदावर आडव्या अक्षावर १० किलोमीटरला व उभ्या अक्षावर २५० मीटरला एक सेंटिमीटर घेऊन नदीचा लंबछेद, म्हणजे प्रवाहाच्या लांबीबरोबर उंची कशी घटते हे दाखवणारी रेषा, काढावा, आणि उभे प्रमाण चाळीस पट वाढवल्याची नोंद कोपऱ्यात अवश्य करावी. पिसाक सुमारे २,९७० मीटरवर व ओयांतायतांबो सुमारे २,७९० मीटरवर आहे, आणि त्यांच्यामधील सुमारे ६० किलोमीटरांत उतार किलोमीटरला जेमतेम तीन मीटर पडतो. म्हणूनच येथे गाळाची रुंद खोरी आणि मक्याची शेते आहेत. ओयांतायतांबोहून नदीकाठाने जाणारा लोहमार्ग सुमारे ४३ किलोमीटरांत २,०४० मीटरवरच्या आग्वास कालिएंतेस या गावाला पोहोचतो, म्हणजे उतार किलोमीटरला सतरा मीटरांवर जातो. येथे नदीने ग्रॅनाइटमध्ये खोल घळई कोरली आहे, आणि तिच्या वळणात, पात्रापासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, माचू पिच्चू आहे.

लंबछेदाखाली पावसाळ्याचे महिने, म्हणजे डिसेंबर ते मार्च, लिहावेत. जानेवारी २०१० मध्ये याच अरुंद भागात पुराने लोहमार्ग तुटला आणि अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले.

शेवटी लहान प्रमाणाचा नकाशा घ्यावा. कियाबाम्बा शहर आणि पोंगो दे मायनिके ही घळई ओलांडून उरुबाम्बा अतालायाजवळ तांबो नदीला मिळते, तेथून उकायाली नदी सुरू होते, आणि मारान्योन नदीशी तिचा संगम होऊन ॲमेझॉन सुरू होईपर्यंत रेघ ओढत न्यावी.