बोर्डो, ऊन चुना आणि जुना कोयता

गुहागरात आमचं नारळी-पोफळीचं आगर आहे. कोळेरोगाने कोवळी सुपारी गळू नये म्हणून पावसाआधी बोर्डो हे बुरशीनाशक मारायचं. प्रमाण सोपं: १ किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षांसाठी सुचवलेलं हे औषध आमच्या पोफळींनाही मानवलंय.

आदल्या रात्री मोरचूद फडक्यात बांधून ५० लिटर पाण्यात टांगा. पिंप प्लॅस्टिकचंच घ्या. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून पत्र्याची बादली घेतली. सकाळी बघतो तर निळा रंग फिका झालेला नि तळाला लालसर गाळ. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त तांब्यापेक्षा क्रियाशील. ते स्वतः पाण्यात उतरतं, तांब्याला बाहेर काढतं. मुलामा संपला की खालचं लोखंडही तेच करतं. मोरचूद फुकट गेला, बादलीलाही भोकं पडली.

चुन्याला मात्र जपून हात घाला. आधी १० लिटर पाणी, मग त्यात एकेक खडा. खड्यांवर थोडंसं पाणी ओतलंत तर तेवढंच उकळतं आणि तोंडावर उडतं. चष्मा, रबरी मोजे हवेतच. ही ऊब येते भट्टीतून! चुनखडी किंवा शिंपल्या ९०० अंशांच्या आसपास भाजताना जी ऊर्जा खातात, तिचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग पाणी लागताच परत मिळतो. चांगल्या चुन्याच्या किलोमागे सुमारे १,१०० किलोज्यूल, म्हणजे १० लिटर पाणी पंचवीसेक अंशांनी तापतं. बाकीची ऊर्जा भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश सोडतो. ती आपल्याला कळतही नाही.

बाबा पिंपाला बाहेरून हात लावून विचारायचे, "निवला काय रे?" ऊन चुन्यात मोरचूद ओतला तर साका जाडा पडतो आणि नोझल तुंबतं. निवला की गाळून ५० लिटर करा, मग त्यात मोरचुदाची बारीक धार सोडत काठीने ढवळा.

आता परीक्षा. घासून लखलखीत केलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. लाल झाक आली तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील. थोडं चुन्याचं पाणी घाला, पातं घासा, पुन्हा बुडवा. झाक येईनाशी झाली की पंप भरा आणि त्याच दिवशी संपवा.

आई तिच्या विळीला हात लावू देत नाही, म्हणून पात्याचं काम एक मोडका कोयता करतो.