जुन्या जीप-जिप्सीचं ॲक्सल ऑईल बदलायच्या आधी

रविवारी ऑईल बदलायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली शिरा. ॲक्सलची ऑईल भरायची आणि काढायची बुचं नीट ओळखली तरच पाने कोणते, वायसर कोणते, पॅकिंग लागणार का, हे कळतं. मग शनिवारी पुण्यातल्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, एकच फेरी होते.

हौजिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, पोटावरचा चिखल आधी खरवडून काढा. ताम्हिणी-वेल्ह्याकडची माती वर्षानुवर्षं साचली की बूच आणि हौजिंग एकाच रंगाचं दिसतं. उंचीने साधारण मधोमध जे बूच सापडेल ते लेव्हलचं, म्हणजे ऑईल कुठपर्यंत आहे ते बघायचं; ऑईल भरायचंही तेच. अगदी तळाला असेल ते ड्रेनचं, ऑईल काढायचं. असेल, असं म्हणतोय, कारण जुन्या जीपला येणाऱ्या स्पायसर कंपनीच्या घराण्यातल्या बऱ्याच ॲक्सलना ड्रेनच नसतो. तिथे बोल्टांनी बसवलेलं झाकण खोलूनच ऑईल काढावं लागतं, म्हणजे पॅकिंग आणि गॅस्केटची ट्यूब यादीत आली. जिप्सीला असं झाकण नाही. तिच्या हौजिंगवर नटांची जी रांग दिसते ती डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा, अख्खा गोळा धरून असते, तिला हात लावू नका.

फसवी बुचंही आहेत. पुढच्या ॲक्सलच्या टोकाला, चाकामागच्या गोळ्यावर, जुन्या जीपला छोटं बूच असतं. ते नकलमधल्या (चाक वळतं त्या सांध्यातल्या) ग्रीसचं आहे, डिफरन्शियलशी त्याचा संबंध नाही. ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणाऱ्या पेटीवर, शिफ्टरच्या दांड्यांपाशी जे बोल्टासारखं दिसतं, त्याच्यामागे स्प्रिंग आणि छर्रा असतो. ते उगाच खोललं तर छर्रा शोधत पार्किंगभर रांगायला लागेल. ओळख पटली की लेव्हलला पांढरा ठिपका द्या, ड्रेनला लाल.

आता डोकं बघा: षटकोनी, बाहेर आलेलं चौकोनी, की आत खोलगट चौकोन. खोलगट चौकोनात बहुधा तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रॅचेटचं टोकच बसतं, काहींना चार सुती लागतं. टोक सैल खेळत असेल तर जोर लावू नका. त्याआधी कुणा मिस्त्रीने छिन्नी चालवून कोपरे मारलेले असतील तर नवीन बूच घेऊनच ठेवलेलं बरं. जुना बाजार बुधवार-रविवारी भरतो, तिथे जाडजूड चौकोनी पाने अजून मिळतात. गंजलेल्या बुचांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. निमुळत्या आट्यांच्या बुचाला टेफ्लॉन टेप, सरळ आट्यांच्या बुचाला नवा तांब्याचा वायसर. निमुळतं बूच पाइप घालून आवळू नका, बिडाचं हौजिंग तडकतं.

ऑईल जीएल-5 प्रतीचं (डब्यावर लिहिलेली गिअर ऑईलची प्रत), नव्वद नंबरचं (म्हणजे जाडी). जिप्सीला पुढे साधारण 2 लिटर, मागे दीड. सीजे मॉडेलच्या जुन्या जीपच्या प्रत्येक ॲक्सलला सव्वा लिटरच्या आसपास. हेच ऑईल गिअरबॉक्समध्येही ओतायचा मोह होतो, पण जीएल-5 मधली रसायनं आतल्या पितळी रिंगांना मानवतीलच असं नाही. गिअरबॉक्सचं पुस्तक बघून वेगळं घ्या. घमेलं, चिंध्या, भरायला पिचकारी किंवा लांब नळी, आणि जुन्या ऑईलसाठी झाकणाचा कॅन हवाच. नाल्यात ओतलेलं शेवटी मुठा नदीतच जातं.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथे लेव्हल खोटी येते. फरशीवर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा, घरंगळली तर जागा बदला. गाडी खडकवासल्यापर्यंत फिरवून आणा, गरम ऑईल भराभर निघतं.

आणि ड्रेनला हात लावण्याआधी लेव्हलचं बूच सैल होतंय का बघा, नेहमी याच क्रमाने. ऑईल खाली घमेल्यात आणि भरायचं बूच गंजून गच्च, अशी गाडी टो करूनच न्यावी लागते. निघालेलं ऑईल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. ॲक्सलच्या वरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची वाट) फुंकून बघा, सील तपासा, आणि पावसाळ्यात ओढे ओलांडत असाल तर ब्रीदरला नळी जोडून ती वर बॉनेटखाली नेऊन बांधा.