हौद्यातले घर आणि मागचा ट्रेलर : कोल्हापुरातून घाट उतरण्यापूर्वी

आपल्या भागात 'कॅम्पर' म्हटले की बहुतेकांना महिंद्राची बोलेरो कॅम्पर आठवते, म्हणजे पुढे दोन रांगांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. या लेखातील ट्रक कॅम्पर ही वेगळी वस्तू आहे. पिकअपच्या हौद्यात बसणारी, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेली, आणि काम झाले की स्वतःच्या पायांवर उभी करून गाडीपासून सोडवता येणारी ती एक खोली असते. अशी खोली घेऊन कोकणात उतरावे आणि मागे दोन मोटारसायकलींचा किंवा लहान होडीचा ट्रेलर ओढावा, अशी इच्छा अलीकडे अनेक जण बोलून दाखवतात. त्यांतील बहुतेकांचे प्रश्न गादी, फ्रिज आणि सौरपट्टीबद्दल असतात, वजनाबद्दल फारसे कोणी विचारत नाही. माझ्या अनुभवाने मात्र या प्रवासातील जवळजवळ प्रत्येक अडचण, मग ती टायरची असो, ब्रेकची असो की मागे डुलणाऱ्या ट्रेलरची, वजनापाशीच येऊन थांबते. म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून करावी.

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दोहोंतील फरक म्हणजे गाडीची वहनक्षमता, आणि माणसे, सामान, खोली हे सर्व त्यातच बसवावे लागते. उदाहरणासाठी हा फरक 1000 किलो धरू. खोली 450 किलोची आहे, पाण्याची टाकी 80 लिटरची म्हणजे 80 किलोची, भरलेले घरगुती गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचे, जादा बॅटरी 30 किलोची, चार माणसे मिळून 280 किलो आणि कपडे, भांडी, शिधा, हत्यारे मिळून 100 किलो. ही बेरीज 970 होते आणि मन निश्चिंत होते. पण मागे 600 किलोचा ट्रेलर जोडला आणि त्याच्या दांड्याचा 70 किलोचा भार गाडीच्या हुकावर आला की एकूण भार 1040 किलो होतो आणि मर्यादा ओलांडली जाते. दांड्याचा भार ट्रेलरच्या हिशेबात धरून गाडीच्या हिशेबातून वगळणे ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे, आणि सुरुवातीला स्वतःही केली आहे.

खोली तयार करून देणाऱ्याने सांगितलेल्या वजनावर विसंबू नये. माझी पहिली खोली ज्या कारखान्यात बनली तेथे मला ती अडीचशे किलोची असल्याचे सांगण्यात आले होते. प्लायवुड, लोखंडी चौकटी, कपाटे आणि बिजागऱ्या धरून काट्यावर ती 340 किलो भरली. कोल्हापुरात ही खात्री करणे अवघड नाही, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात वाहनांचे वजनकाटे सहज सापडतात. पाणी, डिझेल, सामान आणि माणसांसह निघण्याच्या स्थितीतच काटा करावा. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके, आणि तिन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या आसावर (दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलवर) त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक भार आलेला असू शकतो, आणि तो एका पावतीवरून कधीच कळत नाही.

आसाचा हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण खोली हौद्याच्या मागे बाहेर आली की ट्रेलरचा हुकही लांब न्यावा लागतो. समजा पुढच्या आणि मागच्या आसांत 3 मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या आसाच्या दीड मीटर मागे आहे. त्या हुकावर 80 किलो भार आला, तर मागच्या आसावर 80 नव्हे, 120 किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे 40 किलो उचलले जातात. हुक जितका लांब तितकी ही तरफ मोठी. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग ढिले वाटते, ओल्या रस्त्यावर गाडी वळण पूर्ण घेत नाही आणि पुढच्या ब्रेकची पकड घटते. त्यामुळे शक्य असेल तर खोली अशी घ्यावी की तिचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे पडेल आणि तिचा मागचा भाग कमीत कमी बाहेर येईल. पाण्याची टाकी आणि बॅटरी खाली, केबिनच्या भिंतीलगत ठेवाव्यात. टपावर जड वस्तू ठेवू नयेत, मग तेथे कितीही मजबूत कॅरिअर बसवलेला असो.

ट्रेलर भरण्याचे शास्त्र शिकण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही, कारण ते बैलगाडीवानांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उसाची गाडी मागे जास्त भरली की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा जातो. पुढे जास्त भरली की सगळा भार बैलांच्या मानेवर बसतो. मोटारीच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांड्यावर यावा. त्याहून कमी आला तर ट्रेलर उलाळ होऊन वेगात डुलू लागतो, आणि फार जास्त आला तर गाडीची शेपूट बसते. हा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचा दगड किंवा ठोकळा) लावावी, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांड्याचे टोक हुकाच्या उंचीवर येईल असे त्यावर टेकवावे आणि आकडा वाचावा. कमी भरल्यास जड वस्तू ट्रेलरच्या आसापुढे सरकवाव्यात. मोटारसायकली असतील तर त्या अर्धा फूट पुढे-मागे केल्यानेही मोठा फरक पडतो. एकदा योग्य जागा सापडली की ट्रेलरच्या तळावर रंगाने खूण करून ठेवावी.

आता जोडणीविषयी. हुक बंपरला जोडलेला नसावा, तो चाशीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंना नटबोल्टने घट्ट बसवलेला असावा. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या क्षमतेचा आकडा नसेल तर विक्रेत्याकडून तो लेखी मागावा आणि मिळेपर्यंत ट्रेलर जोडू नये. ट्रेलरचा दांडा जमिनीला समांतर राहील इतकीच हुकाची उंची ठेवावी. सुरक्षा साखळ्या दोन असाव्यात आणि त्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन अडकवाव्यात, म्हणजे जोड सुटला तरी दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल. कप्लर, म्हणजे दांड्याच्या टोकाचा हुकावर बसणारा जोड, बसल्यावर खटका लागला आहे याची खात्री करण्यासाठी दांड्याखाली जॅक लावून गाडीची मागची बाजू किंचित उचलून पाहावी. मागचे दिवे, ब्रेकदिवे आणि दोन्ही इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावेत. खोलीमुळे मधला आरसा निरुपयोगी होतो, म्हणून बाजूंचे आरसे लांब दांड्यांचे घ्यावेत. खोली हौद्याला चारही कोपऱ्यांत ताणपट्ट्यांनी किंवा ताणस्क्रूंनी बांधलेली असावी आणि तिच्या तळाखाली रबरी चटई असावी, कारण रंगवलेल्या पत्र्यावर लाकूड सहज घसरते.

टायरबाबत एवढेच सांगतो की बाजूच्या भिंतीवरील भारनिर्देशांक (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) पाहून, मागच्या आसाच्या पावतीशी ताडून टायर निवडावेत आणि हवा गार टायरमध्ये भरावी. भिंतीवरील चार अंकी आकड्यातून टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते कळते. ट्रेलर वर्षभर उभा राहतो, त्याची नक्षी नवी दिसते, पण रबर आतून कडक झालेले असते.

कायद्याची बाजू निघण्यापूर्वीच सोडवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत नमूद असलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. म्हणून खोली चाशीला वेल्डिंगने किंवा बोल्टने कायम जोडायची असेल तर काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे. काढता-घालता येणाऱ्या खोलीबद्दलही आधी विचारलेले उत्तम. ट्रेलरची नोंदणी आणि विमा स्वतंत्र असतो. मर्यादेबाहेर वजन आढळल्यास कलम 194 खाली 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. मला मात्र दंडापेक्षा विम्याची चिंता अधिक वाटते, कारण अपघातानंतर विमा कंपनी हीच कागदपत्रे तपासते. गाडी चालू असताना खोलीत किंवा ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

पहिला प्रवास घाटाचा करू नये. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात दोन तास मागे घेण्याचा सराव करावा. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरले तर हात ज्या दिशेला सरकतो त्याच दिशेला ट्रेलरचे शेपूट जाते, हे लक्षात ठेवले की गोंधळ कमी होतो. ट्रेलर वाकडा होऊ लागला की आणखी वळवत बसू नये, पुढे घेऊन सरळ करावा. वळणावर ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून कोपऱ्यावर थोडे पुढे जाऊन मग वळावे. गाडीची उंची खोलीसह मोजून ती मीटर आणि फूट अशा दोन्ही आकड्यांत स्टिअरिंगसमोर चिकटवावी. आपल्या गावांच्या स्वागतकमानी, लोंबत्या वीजतारा आणि वडाच्या फांद्या यांच्याशी या आकड्याची गाठ पडतेच.

गगनबावड्याच्या रस्त्याने निघाल्यास कळे येथे पहिला थांबा घ्यावा. वीसेक किलोमीटर अंतरात नट, पट्ट्या आणि साखळ्या आपापल्या जागी बसलेल्या असतात. चाकांचे नट पुन्हा आवळावेत, ट्रेलरच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे असे समजावे. पावसाळ्यात हा रस्ता मांडुकलीसारख्या ठिकाणी पाण्याखाली जातो, आणि 2019 व 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गही बंद झाला होता. उंच खोली आणि हलका ट्रेलर असलेली गाडी वाहत्या पाण्यात घालू नये, समोरून एसटी गेलेली दिसली तरी. ट्रेलर तरंगू लागला की तो गाडीलाही ओढतो.

घाटाची निवडही वजन पाहून करावी. भुईबावडा घाट अरुंद आहे, ट्रेलरसह तेथे जाणे मी टाळतो. आंबोलीत धुके अचानक दाटते. फोंडा घाटाकडे जाताना राधानगरी अभयारण्यालगत संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात आणि ट्रेलरसह गाडी थांबायला लागणारे अंतर नेहमीच्या अंदाजापेक्षा बरेच मोठे असते. ऊस गळीत हंगामात तर रात्री निघूच नये. दिवे किंवा परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, आणि त्यांना चुकवण्यासाठी अचानक स्टिअरिंग ओढणे उंच गाडीला झेपत नाही.

उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, गिअर खाली घ्यावा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून एक खाली, उतरावे, आणि उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करू नये. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नये. वेग वाढला की एकदा घट्ट दाबून तो पुरेसा खाली आणावा, मग पाय पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक गार होतात. फोंडा घाटात पहिल्या वर्षी मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय टेकवून उतरत होतो. निम्म्यात जळका वास आला आणि पॅडल मऊ लागू लागले. सुदैवाने रुंद जागा मिळाली. असे झाल्यास गिअरमध्ये ठेवून थांबावे, चाकांना उटी लावावी, अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, आणि तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नये, त्याने धातूला तडे जातात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगतो.

महामार्गावर ट्रेलर डुलू लागला तर मन ब्रेक दाबायला सांगते, तो दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ आणि स्थिर धरावे, आणि ट्रेलरच्या ब्रेकसाठी हाताची स्वतंत्र कळ असेल तर ती हलकेच वापरावी. वेग वाढवून डुलणे थांबते हा समज धोक्याचा आहे. गाडी शांत झाल्यावर थांबून दांड्यावरचा भार पुन्हा पाहावा. बहुधा कोणीतरी जेवणाच्या थांब्यावर जड पेटी मागे ठेवलेली असते.

मुक्कामी पोहोचल्यावर खोलीचा तळ आडवा-उभा समतल करावा, प्रवासात बंद ठेवलेला गॅस आता सुरू करून जोडावर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी, आणि स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी. शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटती ठेवू नये. भांड्यांचे सांडपाणी टाकीत साठवून योग्य ठिकाणी सोडावे, वाळूत किंवा ओढ्यात नको. मालवण-देवगडकडे होडी पाण्यात उतरवताना ट्रेलरची बेअरिंग खाऱ्या पाण्यात बुडू देऊ नये, आणि बुडालीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन नवे ग्रीस भरावे. परतीच्या चढाला लागण्यापूर्वी पाण्याची टाकी रिकामी करावी, म्हणजे 80 किलो तेथेच उतरतात. इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे, मागे रांग लागली की वाट देण्यासाठी बाजूला घ्यावे, आणि गगनबावड्यात पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटे नुसते चालू ठेवून टर्बो गार होऊ द्यावा. तेवढ्या वेळात चालकाशिवाय दुसऱ्या कोणीतरी उतरून ट्रेलरच्या दोन्ही हबना हात लावून पाहावा.