न्यू जर्सीत मुलांचं ड्रायव्हिंग लायसन्स: नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

एडिसन, इसेलिन, प्लेन्सबरो या भागात दर उन्हाळ्यात भारतातून नवी कुटुंबं येतात. मुलं दहावी-अकरावीत असली की वर्षभरात लायसन्सचा विषय निघतोच. इथे बस कमी, रिक्षा नाही, मुलांना सगळीकडे पोचवून आईबाबा थकलेले, त्यामुळे घाई दोन्ही बाजूंनी असते. माझं पहिलं सांगणं हेच की घाई करू नका. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेव्हा टेक्सासमधल्या मावसभावाचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

सोळाव्या वर्षी परमिट (गाडी शिकण्यासाठीचा परवाना) हवं असेल तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालावंच लागतं आणि त्यांच्या शिक्षकासोबत सहा तास गाडी चालवावी लागते. सतरा पूर्ण झाल्यावर परमिट काढलं तर स्कूलची सक्ती नाही, पण तरीही पाठवा. लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात, त्यातले ४० बरोबर यावे लागतात. डोळे तपासतात. बऱ्याच शाळांत दहावीला हा अभ्यास हेल्थच्या तासालाच होतो, म्हणून आधी शाळेत विचारा.

कागदपत्रांत आपली माणसं अडकतात ती मधल्या नावावर. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, आय-९४ वर (अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा कागद) ते पहिल्या नावाला चिकटलेलं, शाळेत गाळलेलं. लायसन्स देणाऱ्या मोटर व्हेईकल कमिशनला ओळखीचे सहा पॉइंट भरतील इतके कागद (प्रत्येक कागदाला ठरावीक पॉइंट असतात) आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नाव सगळीकडे एकसारखं नसेल तर खिडकीवरून परत पाठवतात. अपॉइंटमेंट घेण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: शेजारच्या सीटवर कोण बसणार? त्या माणसाकडे न्यू जर्सीचं लायसन्स हवं, वय किमान २१ हवं आणि लायसन्स मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा चालत नाहीत. त्यांनी पुण्यात चाळीस वर्षं गाडी चालवली असेल, मुंबई-गोवा रस्ता पाठ असेल, तरी चालत नाहीत. नुकत्याच आलेल्या बाबांकडे भारतातलं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट असेल, तेही चालत नाही. आपल्यातच हे सर्रास होताना मी बघते. "पार्किंग लॉटपर्यंतच जातोय" म्हणून निघतात आणि रस्त्यावर येतात. तेवढ्यात कोणी मागून ठोकलं तरी पोलिसाचा पहिला प्रश्न शेजारी कोण होतं हाच असतो. म्हणून आईबाबांनी आधी स्वतःचं लायसन्स काढावं.

परमिटवर किमान सहा महिने सराव करायचा. फेब्रुवारी २०२५ पासून ५० तासांचा सराव सक्तीचा झाला आहे, त्यातले १० तास अंधारात. ते खरोखर करून घ्या, कागदावर भरू नका. पावसात, रूट १ वर, संध्याकाळच्या गर्दीत न्या. डावीकडे वळायला आधी उजवीकडे बाहेर पडायचं, हा जगहँडलचा प्रकार पुस्तक वाचून अंगवळणी पडत नाही.

सतराव्या वर्षाच्या पुढे रोड टेस्ट देऊन प्रोबेशनरी लायसन्स मिळतं, आणि मग पुढचं किमान वर्षभर बंधनं असतात. रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवायची नाही. फोन हँड्सफ्रीसुद्धा नाही. आईबाबा गाडीत नसतील तर सोबत फक्त एकच माणूस. धाकटी बहीण बसली की तो एक संपला. नवरात्रात गरब्याहून परतताना "अरे, हिलाही सोड ना वाटेत" असं म्हणणाऱ्या मावश्या मला दरवर्षी भेटतात. कृपा करून मुलाला या भिडेत पाडू नका. दंड १०० डॉलर आहे, पण खरी भीती दंडाची नाही. गाडीत मित्र वाढले की नव्या चालकाचं लक्ष रस्त्यावर राहत नाही.

नंबरप्लेटवर पुढे-मागे लावायचे लाल स्टिकरही याच कायद्याचा भाग आहेत. २००६ मध्ये अपघातात गेलेल्या कायली या सोळा वर्षांच्या मुलीच्या नावाने हा कायदा झाला आणि २०१० पासून लागू आहे. स्टिकरमुळे मुलं ओळखू येतात म्हणून काही पालक ते काढून ठेवतात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हा वाद गेला आणि २०१२ मध्ये कायदा कायम राहिला. मी स्टिकरच्या बाजूने आहे. मागचा माणूस जरा अंतर ठेवतो, हॉर्न कमी वाजवतो. तुम्ही स्वतः चालवत असाल तेव्हा मात्र काढा.

इन्शुरन्स कंपनीला परमिट मिळाल्याच दिवशी कळवा. हप्ता वाढेल, तो भरा.

रस्त्यावरचं एकच सांगते: पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून उभी असेल तर किमान २५ फुटांवर थांबायचं. मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. आपल्याकडे असं काही नसल्यामुळे आईबाबाच विसरतात आणि मूल तेच शिकतं. चुकलं तर लायसन्सवर दंडाचे पाच पॉइंट लागतात. बसमधून उतरणारी पोरं पहिलीतली असतात, रस्ता न बघता पळतात.

रोड टेस्टला गाडी आपण न्यायची. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद गाडीत हवेत, आणि सोबत वर सांगितलेल्या अटींत बसणारा माणूस. हँडब्रेक परीक्षकाच्या हाताला येईल अशा जागी असावा, नसेल तर स्कूलची गाडी घ्या. पॅरलल पार्किंगची सगळे धास्ती घेतात, पण स्टॉप साइनला चाकं पूर्ण न थांबवल्यामुळेही मुलं नापास होतात. घराजवळच्या चौकात रोज तेच करून घ्या, गाडी थांबली की मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मगच निघायचं.