अवतार हलवायचा, पण किती?

डिस्कॉर्डवर गप्पा चालू असताना तुमचा अवतार, म्हणजे नावाशेजारचं चित्र, दिसतो तो साधारण ४० पिक्सेलच्या गोलात. बाजूच्या सदस्ययादीत त्याहूनही लहान. गिऱ्हाइकाची मागणी मात्र दणदणीत असते: केस उडायला हवेत, डोळे मिचकायला हवेत, मागे पाऊस हवा आणि कॉफीच्या कपातून वाफही हवी. मोठ्या स्क्रीनवर हे सगळं झकास दिसतं, ४० पिक्सेलमध्ये त्याची नुसती वळवळ होते. त्यामुळे मी काम घेतानाच विचारते, यातलं एकच काय हलवू? उत्तर मिळालं की अर्धं काम झालं म्हणायचं.

मी चित्रं काढणारी. गेमिंग स्ट्रीम करणाऱ्यांसाठी हलते अवतार आणि इमोटी (गप्पांत भावना दाखवणारी छोटी चित्रं) करून देते. या कामात नव्याने येणारी मुलंमुली सॉफ्टवेअरबद्दल खूप विचारतात, फाइलबद्दल कुणी विचारत नाही. आणि अडतं ते फाइलपाशीच.

हलता अवतार बहुधा जिफ फाइलमध्ये असतो. जिफ हा प्रकार १९८७ सालचा, कॉम्प्युसर्व्ह कंपनीने आणलेला. प्रत्येक फ्रेम, म्हणजे त्यातलं एकेक चित्र, किती वेळ थांबवायची हे सांगायची सोय १९८९च्या आवृत्तीत आली. चित्र सतत फिरत ठेवण्याची युक्ती त्याहून नंतरची, नेटस्केप ब्राउझरने रूढ केलेली. इतकं जुनं असूनही ते टिकलंय, आणि त्याची जुनी बंधनंही टिकली आहेत: एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग, पारदर्शकता अर्धवट नाही (पिक्सेल एकतर आहे किंवा नाही), आणि वेळ मोजायची ती सेकंदाच्या शंभराव्या भागात.

हे शेवटचं नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. व्हिडिओची सवय असलेला माणूस सेकंदाला ३० फ्रेम काढायला बसतो. पण शंभराला तीसने भाग जात नाही, म्हणजे तो वेग जिफमध्ये नेमका बसतच नाही. बरं, फ्रेमचा वेळ ० किंवा १ ठेवला तर ब्राउझर तो सरळ १० धरतात. जोरात पळायला हवं होतं ते चित्र मग रांगायला लागतं.

आता डोळ्याची उघडझाप घ्या. नवशिक्या तीन सेकंदांच्या लूपसाठी (पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्यासाठी) पन्नास-साठ चित्रं काढतो. लागतात फक्त तीन: डोळा उघडा, अर्धा मिटलेला, पूर्ण मिटलेला. उघडा डोळा २८० वर थांबवायचा, म्हणजे जवळजवळ तीन सेकंद काहीच घडत नाही. मग मिटलेला ८, अर्धा ६, आणि परत उघडा. मिटताना मधलं चित्र मी गाळते, उघडताना घेते. पापणी पटकन पडते आणि जरा सावकाश वर जाते, त्यामुळे चेहरा जिवंत वाटतो. मधल्या त्या थांब्याला घाबरू नका. माणूस सतत डोळे मिचकावत बसत नाही.

उघडझापेचा दुसरा फायदा फाइलच्या वजनाचा. आधीच्या फ्रेमपेक्षा जेवढा चौकोन बदलला तेवढाच पुढच्या फ्रेममध्ये साठवता येतो. डोळ्यांचा चौकोन केवढासा असतो! याउलट ‘पात्र श्वास घेताना दिसू दे’ म्हणून अख्खं धड एक पिक्सेल वर-खाली केलं, तर जवळजवळ पूर्ण चित्र दर वेळी नव्याने लिहावं लागतं. बघणाऱ्याला फरक जेमतेम कळतो आणि फाइल मात्र फुगते.

रंगांचंही तसंच. जिफ चित्र डावीकडून उजवीकडे, ओळीने वाचतं आणि सारखे पिक्सेल सलग आले की ते थोडक्यात लिहितं. म्हणून सपाट रंगाची पार्श्वभूमी स्वस्त पडते. छटा हवीच असेल तर ती वरून खाली बदलू द्या, म्हणजे प्रत्येक ओळ एकाच रंगाची राहते. डावीकडून उजवीकडे बदलणारी छटा महाग. रंग कमी करताना सॉफ्टवेअर ‘डिदरिंग’ सुचवतं, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास. लहान अवतारात ते बंद ठेवा. ठिपक्यांनी ओळी तुटतात, वजन वाढतं, आणि फ्रेम बदलताना ते मुंग्यांसारखे वळवळतात.

पारदर्शक पार्श्वभूमीचा हट्ट मी अवतारात करू देत नाही. कडेचे अर्धवट पिक्सेल टिकत नाहीत, त्यामुळे पांढऱ्यावर सुबक दिसणारी कड गडद थीमवर पांढरी किनार होऊन बसते. शिवाय अवतार गोल कापला जाणारच असतो. भरीव रंग द्या आणि चौकोनाच्या कोपऱ्यात महत्त्वाचं काही ठेवू नका. शिंगं, टोप्या आणि गिऱ्हाइकाचं नाव हमखास तिथेच छाटलं जातं.

पहिली फ्रेम सगळ्यात देखणी हवी. डिस्कॉर्डवर माउस नेला नाही तर गप्पांमध्ये अवतार बहुधा स्थिरच दिसतो. तिथे डोळे मिटलेली फ्रेम पहिली ठेवलीत, तर तुमचं पात्र दिवसभर डुलक्या काढताना दिसेल. आणि हो, तिथे हलता अवतार लावायला नायट्रो हे पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व लागतं. गिऱ्हाइकाकडे ते आहे का, हे आगाऊ रक्कम घेण्याआधी विचारा.

सॉफ्टवेअरवर मी फार बोलणार नाही. गिंप फुकट आहे आणि पुरतं. त्यात प्रत्येक लेअर (चित्राचा एकेक थर) म्हणजे एक फ्रेम, सगळ्यात खालचा लेअर पहिला. लेअरच्या नावापुढे कंसात मिलिसेकंदांचा आकडा आणि त्याला लागून ms असं इंग्रजीत लिहिलं की तेवढा वेळ ती फ्रेम थांबते. उघड्या डोळ्याला (2800ms). निर्यात करताना ‘अ‍ॅनिमेशन म्हणून’ ही खूण करायला विसरू नका, नाहीतर सगळे लेअर एकावर एक चिकटून एकच चित्र निघतं. पिक्सेल-चित्रं आवडत असतील तर पिस्केल ब्राउझरमध्येच चालतं.

अवतार जमला की लोक त्याच पात्राच्या इमोटी आणि स्टिकर मागतात, आणि तिथे प्रत्येकाची मापं वेगळी. डिस्कॉर्डच्या इमोजीला २५६ केबीची मर्यादा. व्हॉट्सअ‍ॅपचं हलतं स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं, ५०० केबीच्या आत आणि वेबपी प्रकारात, जिफ नाही. म्हणून मूळ फाइल मोठी आणि लेअरसकट जपून ठेवा. छोटं चित्र ताणून मोठं होत नाही.

पैशांचं सांगायचं तर दर फ्रेमवर लावू नका. तसा लावलात तर तीन चित्रांत काम उरकण्याची शिक्षा तुम्हालाच. दर पात्रावर ठरवा, दुरुस्त्या किती करून देणार ते आधीच लेखी कळवा. अर्धी रक्कम सुरुवातीला घ्या. पेपालची देशांतर्गत सेवा १ एप्रिल २०२१पासून बंद आहे, त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकांसाठी यूपीआय आणि परदेशातल्यांसाठी पेपाल, असे दोन्ही पर्याय तयार ठेवा. परदेशी रक्कम रुपयांत येताना शुल्क आणि विनिमयदरात काही भाग कापला जातो, तो दर सांगतानाच धरा.